मधला माणूस

"सांगा हो तिला, दूध उतू चाललंय तिचं. वास इथवर येतोय."

थोरली जाऊ हे शिंप्याला सांगत होती आणि धाकटी त्याच ओट्यावर, हाताच्या अंतरावर बसली होती. शिंपी टेंपोत चढवलेल्या मशीनला दोर आवळत होता.

"धाकट्या वहिनी, थोरल्या म्हणतात..."

"ऐकलं. सांगा तिला, मी गॅस बंद करून आलेय. जळतंय ते तिचंच."

निरोप पोचायच्या आत थोरली उठून घराकडे पळाली. शिंपी पोट धरून हसला.

सांडपाण्यावरून दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच. आधी निरोप सासूबाई पोचवायच्या. त्या गेल्यावर शेजारची मास्तरीण. शाळा बंद पडली तशी तिची बदली झाली. मग गिरणीवाला. गिरणीच्या आवाजावर ओरडून तो एकीचं दुसरीला सांगायचा आणि ते सगळं गाव ऐकायचं. पुढे दळणच येईना, तोही गेला. एकेक दाराला कुलूप लागत गेलं. उरला शिंपी, त्यालाही आज लेक न्यायला आला होता.

"रात्रभर खोकते ती," धाकटी हळूच म्हणाली. "भिंतीतून ऐकू येतं. औषध घे म्हणावं."

"ते आता तुम्हीच सांगा, वहिनी. मी तिथून काय फोन करू?"

थोरली परत आली, निरोप घेताना डोळे पुसून घेतले. टेंपो वळणाआड गेला, धूळ खाली बसली. ओट्यावर दोघीच राहिल्या, मधे शिंप्याची जागा.

धाकटीने दोनदा घसा खाकरला. पण हाक काय मारायची? नवी नवरी असताना ती 'ताई' म्हणायची. तो शब्द आता तोंडात वळेना. थोरली थोडा वेळ थांबली, मग भिंतीला धरत उठली आणि घरात गेली.

दिवेलागणीला भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला. धाकटीने कपाटातली औषधाची बाटली काढली, पुसली आणि थोरलीच्या दाराशी जाऊन कडी वाजवली.

आतला खोकला थांबला. 'कोण?' असं मात्र कुणी विचारलं नाही. गावात दुसरं होतंच कोण?

बाटली उंबऱ्यावर ठेवून परत फिरता आलं असतं. धाकटी उभीच राहिली.