गॉर्डनदादाची गाडी आणि निळी ताडपत्री

ऑर्विल ट्वेटनं ऑक्टोबरात थोरल्या भावाची, गॉर्डनची, गाडी गोठ्यात अशी गुंडाळली, की मुंगीलाही वाट राहू नये. निळी प्लास्टिकची ताडपत्री, चारी बाजूंनी दोऱ्या करकचून. गाडी चौसष्ट सालची, लालभडक. गॉर्डन गुडघे बदलून घ्यायला लेकीकडं अ‍ॅरिझोनात निघाला, तेव्हा किल्ली देताना एवढंच म्हणाला, "गंज चढू देऊ नकोस. बाकी मी मेलो तरी चालेल."

ऑर्विलची बायको बर्निस रिकाम्या गोठ्याच्या दारात उभी होती. "खाली नुसती माती आहे. ओल वर चढेल की."

"तू आपल्या लोणच्याच्या बरण्या बघ," ऑर्विल म्हणाला. विषय मिटला.

नोव्हेंबरात तो चार दिवस हरणाच्या शिकारीला गेला. मिनेसोटात त्या आठवड्यात गावात बाप्या माणूस दिसत नाही. परतला आणि बर्फ सुरू झालं ते थांबेचना. छपरावरचं घसरून गोठ्याच्या दारापुढं पुरुषभर ढीग झाला आणि दगडासारखा गोठला.

फेब्रुवारीत कॉफी पिताना म्हातारा मेकॅनिक डुएन म्हणाला, "प्लास्टिक? अरे बाबा, त्यानं धूळ अडते, पण जमिनीची ओल आत कोंडून पत्र्याला घाम सुटतो. माझ्या सासऱ्यानं असंच केलं. वसंतात गाडीत बसला, तर पाय थेट जमिनीला लागले."

ऑर्विल अर्धी कॉफी टाकून उठला. घरी येऊन फावडं घेतलं, दहा घावांत कंबर धरली. ढीग तसाच.

"काय झालंय तुला?" बर्निसनं विचारलं.

"काही नाही. बरंय सगळं." तिकडची माणसं अंगावर झाड पडलं तरी बरंय म्हणतात. मग उगाच तिच्यावर घसरला, "आणि माझी बदकांच्या चित्रांची मऊ चादर कुठं गेली? थंडीनं मरतोय मी."

"असेल कुठंतरी," ती म्हणाली.

एप्रिलात बर्फ वितळलं आणि गॉर्डन काठी टेकत आला. गोठ्याकडं चालताना ऑर्विल आडवा आला. "दादा, आधी माझं ऐक जरा..."

"नंतर ऐकतो. ओढ दार."

दार उघडलं. गाडीवर ताडपत्री नव्हतीच. वर घरातल्या जुन्या चादरी, त्यांत ती बदकांचीही, आणि ताडपत्री चाकांखाली मातीवर सपाट पसरलेली. ऑर्विलनं तिचं टोक उचललं, तर खालच्या अंगाला थेंबच थेंब. वरून कोरडी ठणठणीत. त्यानं चाकावरच्या पत्र्याच्या आतून बोट फिरवलं. गंज सोडा, धूळसुद्धा नाही. तो पालथ्या बादलीवर बसला.

"कधी केलंस हे?" त्यानं मागोमाग आलेल्या बर्निसला हळूच विचारलं.

"तू हरणामागं होतास तेव्हा. गाडी पुढं घेतली, ताडपत्री अंथरली, मागं घेतली."

"आणि किल्ली?"

"मासे धरायच्या गळांच्या डब्यात. तीस वर्षं सगळं तिथंच लपवतोस."

"मग सांगायचं ना, बये. मी दोन महिने जिवंतपणी मेलो."

"विचारलं होतं मी. बरंय म्हणालास."

गॉर्डन गाडीभोवती फिरून आला. डोळे पुसत म्हणाला, "ऑर्विल, तुला एवढी अक्कल कधीपासून आली रे?"

ऑर्विलनं चादरीची घडी घालणाऱ्या बर्निसकडं पाहिलं.

"अक्कल हिची, दादा," तो म्हणाला. "चादर तेवढी माझी."