धाकटीचा खोकला

थोरलीला मूल झालं नाही. धाकट्या जावेला तीन झाली. तिन्ही "काकू, काकू" करत थोरलीच्या अंगाखांद्यावर वाढली, पण ताप आला की त्यांना आईच लागायची.

हॉस्पिटलात नवजात बाळांच्या वॉर्डात मदतीला माणसं हवीत असं कळल्यावर थोरली कुणाला न विचारता जाऊन आली. तिथे नर्स कमी आणि बाळं जास्त. दुपटी बदलायची, वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, ज्याची आई आजारी त्याला कुशीत घेऊन बसायचं. थोरलीला हे जमलं. "मावशी, तुमच्या हाताला गुण आहे," असं सिस्टर म्हणाल्या तेव्हा ती घरी गुणगुणत आली.

मग धाकटीचं शेंडेफळ शिकायला बाहेर पडलं. "जाऊबाई, घर खायला उठतं हो. मीही येऊ तुमच्याबरोबर?"

नाही कोणत्या तोंडानं म्हणायचं?

वॉर्डात सगळ्यांत लहान होती चिमणी. तिची आई ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर तापानं फणफणली होती. थोरली पाजायची तेव्हा निम्मं दूध चिमणीच्या हनुवटीवरून ओघळायचं. धाकटीनं पहिल्याच दिवशी तिला उचललं, गालाला बोट लावलं आणि वाटी रिकामी केली.

"शेवटी अनुभव तो अनुभवच!" सिस्टर हसल्या.

थोरलीही हसली. आत मात्र जळफळाट झाला. घरात सगळं हिचंच, आता इथेही?

पुढच्या आठवड्यात ती सिस्टरांना हळूच म्हणाली, "धाकटीला खोकला झालाय. बाळांचा प्रश्न, म्हणून सांगितलं."

सिस्टरांनी धाकटीला दारातूनच परत पाठवलं. "मला? खोकला?" धाकटीनं थोरलीकडे पाहिलं. थोरली दुपट्यांच्या घड्या घालत राहिली. धाकटी आल्या पावली माघारी वळली.

दोनच दिवसांनी बाळांना ऊब देणारा वॉर्मर बंद पडला. त्यात चिमणी आणि आणखी एक मुलगा, दोघं एकत्र झोपवलेले. "उराशी घ्या, कातडीला कातडी लागू दे," म्हणत सिस्टरांनी चिमणीला थोरलीच्या गाऊनमध्ये सरकवलं. "आता या दुसऱ्याला कोण? मला तर बाकीची बाळं सोडून बसता येत नाही."

थोरलीच्या छातीवर चिमणी होती. हवी तशी, एकटीची. मुलाचे पाय निळसर दिसत होते.

"धाकटीला बोलवा," ती म्हणाली. "खोकला नव्हता तिला. मी खोटं बोलले."

"ते मागाहून बघू. फोन लावा आधी."

"आता कसा आहे माझा खोकला?" धाकटीनं फोनवर विचारलं.

"ये गं. बाळ गार पडतंय."

ती धावतच आली. मुलाला उराशी घेऊन थोरलीच्या शेजारी बसली. मुलगा हळूहळू गरम झाला. चिमणी मात्र दूध तोंडात घेईना.

"तू घे हिला," थोरली शेवटी म्हणाली. "तुझ्याकडे पिते."

चिमणी प्यायली. थोरलीनं मान फिरवली. बरं काही वाटलं नाही तिला.

"मी नको होते तर सांगायचं होतंत," धाकटी म्हणाली. "मी दुपारी आले असते."

"मग दुपारी ये. सकाळ माझी."

चिमणीची आई बरी होऊन खाली आली त्या दिवशी मात्र दोघी हजर होत्या. आईनं चिमणीला उराशी धरलं आणि चिमणी लगेच शांत झाली.

"नीट धरता तरी येतंय का हिच्या आईला?" धाकटी पुटपुटली.

"नाही ना!" थोरली म्हणाली, आणि जावेच्या जरा जवळ सरकली.