जेवताना काढून ठेवलेली कवळी

मित्रांनो, हसू नका. मी एक जुनी कवळी आहे. म्हाताऱ्या माणसांचे दात पडले की त्यांना जे खोटे दात बसवतात, ती मी. बंगळूरच्या एका दंतवैद्यक महाविद्यालयात, काचेच्या कपाटात माझा मुक्काम आहे. माझा एकही दात पडलेला नाही, पण चावायला काही नाही. ‘दात आहेत तर चणे नाहीत’ ही म्हण माझ्याइतकी कोणाला कळणार?

माझा जन्म १९९४ साली झाला. त्या वेळी डॉक्टर स्मृती नावाची एक मुलगी नागपूरहून इथे पुढचे शिक्षण घ्यायला आली होती. तिचे एक संशोधन चालले होते. दात नसलेल्या प्रत्येक माणसासाठी तिने दोन कवळ्या करायला घेतल्या. एक नेहमीची, कडक. दुसरीच्या आतल्या बाजूला एका नव्या पदार्थाचे मऊ अस्तर. काही महिने एक वापरायची, मग दुसरी, आणि कोणती सुखाची ते पाहायचे. त्यातली मऊ अस्तराची मी. कडक होती ती माझी बहीण.

स्मृतीने मला स्वतःच्या हातांनी घडवले. मेणात एकेक दात बसवला, साचा भरला, उकळत्या पाण्यात शिजवले, मग घासून घासून चकचकीत केले. खिडकीशी नेऊन तिने मला उन्हात धरले, तेव्हा बाहेरच्या झाडावरची पिवळी फुले माझ्या अंगात दिसत होती. मला फार अभिमान वाटला. मी नवी होते, मऊ होते, आणि माझ्यावर एका मुलीची पदवी अवलंबून होती.

मला ज्यांच्या तोंडात बसायचे होते त्या कस्तुराबाई. राहायला शहरातल्या बनशंकरी भागात. त्यांचे घराणे कधी बंगळुरात आले ते घरात कोणालाच सांगता येत नसे. घरात मराठी, दारात कन्नड, आणि उंबरठ्यावर दोन्हीची खिचडी.

“आजी, तुम्ही मराठी?” स्मृतीचा चेहराच उजळला.

“मग काय तर! पण आमची मराठी स्वल्प इथली झाली बघ, डॉक्टरम्मा.”

कन्नडातले ‘स्वल्प’, म्हणजे थोडी, ऐकून स्मृती खळखळून हसली. घर सोडून आल्यापासून ती इतकी हसली नव्हती, असे तिनेच सांगितले. मग तिने सारे नीट समजावले. हा नव्या पदार्थाचा तपास आहे, त्रास झाला तर लगेच सांगायचे, नको वाटले तर केव्हाही सोडायचे. कस्तुराबाई प्रत्येक वाक्याला “सरी, सरी”, म्हणजे कन्नडात ‘बरं, बरं’, म्हणत होत्या.

त्यांना दात कशाला हवे होते, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. दात गेल्यापासून त्या सगळ्यांची जेवणे उरकल्यावर स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, कालवलेला भात गिळत. वैशाखात त्यांच्या नातीचे, सिद्धीचे, लग्न होते. “त्या दिवशी मला बायकांच्या पंगतीत बसायचंय,” त्या म्हणाल्या. “केळीच्या पानावर जे वाढतील ते खायचं. चिरोटीसुद्धा.” चिरोटी म्हणजे इथल्या लग्नातले पदरापदरांचे कुरकुरीत पक्वान्न.

मी बसले आणि त्यांचे खोल गेलेले गाल भरून आले. सोबत त्यांचे दीर खंडोजी आले होते. ते म्हणाले, “वहिनी, आता भांडताना जरा सांभाळून. चुकून चावलात तर मी कुठं जाऊ?”

“तुला चावून दात कशाला बाटवू?” कस्तुराबाई म्हणाल्या, आणि तोंडावर पदर न घेता हसल्या.

मित्रांनो, ते पहिले काही आठवडे आठवले की आजही मला बरे वाटते. सकाळी तुळशीपाशी पुटपुटलेले स्तोत्र, शेजारणीशी कुंपणावरून झालेले बोलणे, रेडिओवरच्या गाण्याबरोबरचे गुणगुणणे, सगळे माझ्यातून बाहेर पडत असे.

पण हळूहळू माझ्या अस्तराची एक कड सुटली. ती वर उचलली गेली आणि त्यांच्या हिरडीला घासू लागली. घास चावला की कळ डोक्यात जाई. मला ते कळत होते, पण कवळी कोणाशी बोलणार? कस्तुराबाईंना बोलता येत होते, आणि त्याही बोलल्या नाहीत. तपासणीला गेल्या की स्मृती विचारी, “आजी, कवळी चांगली आहे ना?” आणि त्या म्हणत, “झकास आहे गं.” तिने तोंड उघडायला सांगितले की त्या म्हणत, “काही नाही गं त्यात, किती वेळ बघशील?” आणि लगेच मिटून घेत.

लग्न जवळ आले. एका तपासणीनंतर दुपारी कस्तुराबाई आणि खंडोजी व्हरांड्यातल्या बाकावर डबा उघडून बसले होते. स्मृती तिथून चालली होती. तिने पाहिले, आजी पोळीचा तुकडा सारात भिजवून नुसत्या हिरड्यांनी चघळत होत्या, आणि मी डब्याच्या झाकणात पडले होते.

“आजी, हे काय?”

कस्तुराबाई घाबरून मला पदराखाली लपवू लागल्या. खंडोजी मात्र जराही गडबडले नाहीत. ते म्हणाले, “वहिनींची रीत आहे ती. देवळात जाताना चपला बाहेर आणि जेवताना दात बाहेर.”

“मग ही कवळी आहे कशासाठी?”

“तुझ्यासाठी गं,” कस्तुराबाई हळूच म्हणाल्या. “लेकरानं एवढं राबून केली, तिला नावं कशी ठेवू? तुझी परीक्षा बुडाली तर?”

स्मृती त्यांच्या शेजारी बसली. तिने त्यांचे तोंड उजेडाकडे वळवले. हिरडीवर लालभडक जखम होती. तिचे डोळे भरून आले. मग एकाएकी ती ताठ झाली. “आजी, बाकीचे लोकही असंच बोलले असतील?”

मला हातात घेऊन ती तडक रघुपती सरांच्या खोलीत गेली. ते तिचे मार्गदर्शक. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मऊ कवळ्यांचं काम संपत आलंय, स्मृती. आता पुन्हा विचारलंस आणि उत्तरं उलटी आली तर?”

“तर उलटी लिहीन, सर.”

सरांनी माझी सुटलेली कड नखाने उचलून पाहिली. मग म्हणाले, “विचार. पण ‘चांगली आहे का’ असं विचारू नकोस. आपल्या लोकांना कोणी चहा कसा झालाय विचारलं तरी ते चांगलाच म्हणतात. काल काय खाल्लं, ते विचार. आणि तोंड मात्र तू स्वतः बघ, ते नको म्हणाले तरी.”

सगळ्यांना पुन्हा बोलावले. उत्तरे ऐकून स्मृती खिन्न झाली. कोणी माझ्यासारखीला देव्हाऱ्याजवळ ठेवत होते, कोणी फक्त बसमध्ये घालत होते. पुष्कळ जणांच्या कवळ्यांचे अस्तर सुटले होते. नवा पदार्थ आशा दाखवून गेला होता, पण टिकला नव्हता. स्मृतीने तसेच लिहिले.

जखम भरल्यावर कस्तुराबाईंना माझी बहीण मिळाली. आता मात्र त्यांनी स्मृतीची पाठ सोडली नाही. “इथं दुखतंय. तिथं नव्हे गं, स्वल्प मागं. हं, अजून घास.” पुन्हा आल्या, पुन्हा कवळी घासून घेतली. खंडोजी म्हणाले, “डॉक्टर, दात दिलेत ते ठीक. पण वहिनींना वाचा फुटली, तिचं काय करू?”

मी कपाटात गेले होते. तिथून हे बघताना मला बहिणीचा हेवा वाटे. लग्नाच्या दिवशी तर माझी नुसती घालमेल चालली होती. मल्लेश्वरमच्या लग्नमंडपात पंगत बसली असेल का? आजी कुठे बसल्या असतील?

त्यानंतर लवकरच कस्तुराबाई आल्या. त्यांनी स्मृतीला समोर बसवले आणि पिशवीतून पानात बांधलेली चिरोटी काढली.

“तुझ्यासाठी आणली. पण आधी मी खाते. तू बघ.”

त्यांनी तुकडा तोंडात घातला. कुरुमकुरुम. तो आवाज काचेतून माझ्यापर्यंत आला. स्मृती एकटक बघत होती. आजींनी सावकाश चावले, गिळले आणि ओठावरची साखर पुसली.

“पंगतीत शेवटपर्यंत बसले मी,” त्या म्हणाल्या. “सगळ्या उठल्या, तरी मी खातच होते.”

मग मलाच हसू आले. तो आवाज बहिणीचा होता, पण तेव्हा मला हेवा वाटला नाही.

पुढे काही वर्षे विद्यार्थ्यांना अस्तर कसे सुटते ते दाखवायला मला बाहेर काढत. आता तेही थांबले आहे. स्मृती नागपूरला परत गेली. कस्तुराबाईंचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. काचेवर धूळ आहे.

मित्रांनो, माझी धूळ कोणी पुसली नाही तरी चालेल. पण तुमच्या घरी जी म्हातारी माणसे आहेत, त्यांना दारातूनच ‘बरं आहे ना?’ असे विचारून निघून जाऊ नका. ती ‘बरं आहे’ असेच म्हणतील. तुमचे मन राखण्यासाठी ती कितीतरी सोसतील. तुम्ही आपले ताट घेऊन त्यांच्याजवळ बसा. ती काय खातात ते बघा, आणि काय पानात तसेच उरते, तेही बघा.