काठ्या जिथे नव्हत्या

हिमनदी किती वितळली हे काका काठ्यांनी मोजत. बर्फात खोल काठी रोवायची आणि वर्षानं जाऊन ती किती उघडी पडली ते पाहायचं. उपग्रहावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "आकाशातून बघून कुणाचा ताप कळतो का? हात लावावा लागतो," असं म्हणून ते नव्या लोकांची टर उडवत.

त्यांची पुतणी त्याच कचेरीत उपग्रहाचं काम करी. यंदा दोन्ही पद्धतींचे आकडे समोरासमोर मांडायचं काम तिच्याकडे आलं आणि आकडे काही केल्या जुळेनात. उपग्रहाच्या मते बर्फ दुपटीनं गेला होता.

"तुझ्या यंत्राचं डोकं फिरलंय," काका म्हणाले.

तिनं नकाशा पसरला. अकराही काठ्या वरच्या अंगाला होत्या. खालच्या टोकाला एकही नव्हती. तिथले आकडे काकांनी वरच्यांवरून अंदाजानं भरलेले. चौदा वर्षांपूर्वी त्याच टोकाच्या भेगेत तिचे बाबा, काकांचे थोरले भाऊ, पडले होते. तीस मीटर खाली अडकलेले दिसत होते, पण काढता आले नाहीत. काकांनी तो भाग सगळ्यांना बंद केला. कारण धोक्याचं सांगितलं. खरं तर त्यांचाच पाय तिकडे वळत नव्हता.

वहिनींना मात्र त्यांनी शब्द दिला होता. वर्षाला एक मीटर बर्फ उतरतो, तीस वर्षांनी दादा वर येईल, मी स्वतः त्याला घरी आणीन. वहिनी त्या आशेवर एकेक वर्ष मागे टाकत होत्या.

"टोकाला किती उतरलाय?" काकांनी विचारलं.

"चौदा वर्षांत एक्केचाळीस मीटर."

म्हणजे दादा चार वर्षांपूर्वीच उघडा पडला असणार. तिथला ओढा उन्हाळ्यात धोंडेसुद्धा वाहून नेतो. काकांना स्वतःची शिसारी आली.

"आईला मी सांगू का?"

"नको. ते माझंच काम आहे."

संध्याकाळी वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत.

"अजून सोळा वर्षं होती ना, भाऊजी?"

"चुकलो मी, वहिनी."

"मग हे तिथं उघड्यावर होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"वरच होतो," काका म्हणाले. "काठ्या मोजत."