उणे दहा अंश

रुबेनने माउसला हात लावला, तसं उर्मिलाने त्याचं मनगट धरलं.

“एकदम नाही हं बंद करायचा.”

“न्हाय काकी. एकदम कोण करतोय? हळूहळूच करतो.”

तिने मनगट सोडलं, पण खुर्ची ओढून ती मुलाच्या या मित्राच्या शेजारीच बसली. टेबलावर निकेतचा कॅमेरा बारीक घुं घुं करत होता. दुर्बिणीला लावायचा कॅमेरा तो, दिसायला चहापत्तीच्या लहान डब्यासारखा. तोंडावर काळं झाकण आणि पाठीला पंखा. लॅपटॉपच्या स्क्रीनवर आकडा होता, उणे दहा. एकवीस दिवस तो आकडा हलला नव्हता.

पेणकरपाड्यातल्या या दोन खोल्यांत फ्रिजपेक्षा त्या कॅमेऱ्याचे लाड जास्त. निकेत आईला समजावून सांगायचा, “तापात माणूस नाही नाही ते बरळतो ना, तसंच याचं. गरम झाला की नसलेले तारे दाखवतो. म्हणून गार ठेवायचा.” आत एक चकती असते, तिची एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते, आणि ती ऊब पंखा बाहेर फेकतो, एवढं उर्मिलाला पाठ झालं होतं. एवढं करूनही काही खोटे ठिपके राहायचेच. ते ओळखायला निकेत झाकण लावून, तेवढ्याच थंडीत, नुसत्या काळोखाचे फोटो काढायचा आणि मग खऱ्या फोटोंतून ते ठिपके वजा करायचा. “अंधाराचे फोटो काढायला लाइट जाळतोय,” असं दशरथ मुलाला चिडवायचा. सगळं घर हसायचं.

त्या रविवारी दुपारीही झाकण लावून असेच फोटो चालू होते. निकेत एक केबल आणायला भाईंदरला निघाला आणि दारातून म्हणाला, “आई, फोटो संपले तरी बंद करू नकोस. एकदम बंद केला तर आतल्या काचेला सोसत नाही, हळूहळू ऊब द्यावी लागते. मी आल्यावर करतो.”

अर्ध्या तासाने हायवेवर त्याच्या बाइकला डंपर घासून गेला.

तीन दिवस तो मशीनवर होता. मेंदू संपलाय, नुसता श्वास चाललाय, तोही मशीनचा, असं डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी उर्मिला अंघोळीपुरती घरी आली. तेवढ्यात दशरथने कागदावर सही केली. तिने ते बघू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. ती रिक्षातून परतत असताना मशीन बंद झालं.

“मला थांबायचं होतं,” ती त्याला म्हणाली, ते शेवटचं. त्याला अठरा दिवस झाले. ती वेळेवर जेवायला वाढत होती, त्याचे कपडे धूत होती, पण त्याच्याशी बोलत नव्हती. कोणी आलं-गेलं की “त्यांना विचारा, भात हवाय का,” एवढंच. आणि कॅमेरा तिने बंद होऊ दिला नाही. मध्ये दोनदा लाइट जाणार असल्याचं कळलं, तेव्हा तारे बघायला तारोडीला रुबेनच्या गच्चीवर न्यायची जड बॅटरी तिने एकटीने ओढत आणून जोडली होती. दशरथ मदतीला उठला, तर त्याचा हात तिने बाजूला केला होता.

शेवटी त्यानेच रुबेनला फोन केला. “तूच ये बाबा. तुझं ऐकेल ती.”

रुबेनने प्रोग्राममध्ये वेळ घातली. दहा मिनिटं पुरली असती, त्याने चाळीस घातली. आकडा उणे नऊवर आला. उर्मिलाने पदर तोंडाशी धरला. आत ओट्याशी दशरथ चहा करत होता, त्याच्या चमच्याचा आवाज येत होता.

उणे आठ. उणे सात.

“हे फोटो तू घेऊन जाशील?” तिने विचारलं.

“कॉपी करून ठेवलेत काकी. मागच्या महिन्यात आमच्या गच्चीवरून काढलेला एक राहिलाय. तो करतो पूर्ण.”

“कर.”

उणे सहा झाला. उर्मिला आकड्याकडे बघतच म्हणाली, “रुबेन, खरं सांग. एकदम बंद केलं, तर त्रास होतो का रे?”

आतला चमचा थांबला. ती कॅमेऱ्याचं विचारत नव्हती, हे रुबेनला कळलं. पण त्याला फक्त कॅमेऱ्याचंच ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं तेच तो बोलला.

“न्हाय, काकी. माझ्या पायात अडकून दोनदा वायर निघालीय गच्चीवर. एकदम बंद. निकेत मला मारायचाच बाकी होता. पण कॅमेऱ्याला काय झालं न्हाय. त्याला कळलं पण न्हाय.”

“मग हा का असं सांगून गेला मला?”

“जीव होता ना त्याचा त्यात. जीव असला की भीती वाटते.”

उर्मिलाने हाक मारली, “अहो.”

आत कप बशीवर आपटला. दशरथ दारात आला तो गाळणं हातात घेऊनच. चोथ्याचं पाणी लादीवर ठिबकत होतं, त्याचं त्याला भान नव्हतं.

“या इकडे. माझ्याजवळ उभे राहा.”

तो येऊन उभा राहिला. आकडा उणे चार होता. खोलीइतका गरम व्हायला अजून अर्धा तास तरी लागला असता. उर्मिला उठली, भिंतीवरच्या बोर्डापाशी गेली आणि कॅमेऱ्याच्या बटणावर तिने बोट ठेवलं. रुबेनने तिला अडवलं नाही.

तिने बटण दाबलं.

पंखा जरा वेळ फिरत राहिला, मग थांबला. एकवीस दिवसांनी घरात खालच्या भाजीवाल्याची हाळी ऐकू आली. उर्मिलाचं बोट बटणावरच होतं.

“अहो,” ती म्हणाली, “बंद करताना हात किती जड होतो.”

“होतो,” दशरथ म्हणाला.