दोन मुकी मशीनं

शाहूपुरीच्या तिसऱ्या गल्लीत एका कापड दुकानाच्या माडीवर राजमती मगदूमचा कॉम्प्युटरचा वर्ग भरतो. वर्गातला दिवा लावायचं बहुतेक राहूनच जातं, कारण शिकणाऱ्यांना दिसत नाही आणि शिकवणारीलाही. राजमती सात वर्षांची असताना तापात तिची नजर गेली. आता ती चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि गेली अकरा वर्षं अंध माणसांना कॉम्प्युटर शिकवते.

वर्गात पाच मशीनं आहेत. सगळी कुणी ना कुणी वापरून दिलेली. पाचांवरही लिनक्स आहे. लिनक्सचे अनेक प्रकार असतात, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. राजमतीनं निवडलेली डिस्ट्रो जगभरातले स्वयंसेवक मिळून सांभाळतात. मशीन सुरू झालं की ते मराठीत बोलू लागतं, पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवतं, कुठली कळ दाबली ते सांगतं. शिकणाऱ्यांचा सगळा भरवसा त्या आवाजावर.

एका शनिवारी राजमतीनं पाचही मशीनांवर डिस्ट्रोची नवी आवृत्ती चढवली. सोमवारी सकाळी आकाराम पाटील नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी आले, पहिल्या मशीनपाशी बसले आणि त्यांनी बटण दाबलं. ते एकसष्ट वर्षांचे. बिद्रीजवळच्या गावचे. साखर कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा घरी बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि एसटीनं आठवड्यातून तीन दिवस कोल्हापूरला यायला लागले. वर्गात सगळे त्यांना मामा म्हणत.

थोडा वेळ वाट बघून मामा म्हणाले, “बाई, हे आज बोलंना झालंय.”

राजमतीनं हात लावून पाहिलं. पंखा फिरत होता, स्पीकरची वायर जागेवर होती. दुसरं मशीनही तसंच गप्प. तिसरं, चौथं आणि पाचवं मात्र नेहमीसारखी बोलत होती.

मशीनचा आवाज गेला तर डोळस माणसाला गाणं ऐकू येत नाही, एवढंच. इथं आवाज गेला की मशीन असून नसल्यासारखं. पण राजमती गडबडली नाही. तिनं खिशातून फोन काढला. तिचा फोनही बोलका होता. फोनवरून दुसऱ्या कॉम्प्युटरच्या आत शिरून त्याला हुकूम देता येतात, आणि ते तिला चांगलं जमत होतं. ती पहिल्या मशीनच्या आत गेली. लिनक्समध्ये पडद्यामागं कितीतरी लहान लहान प्रोग्राम सतत चालू असतात, त्यांना सेवा म्हणतात. आवाज सांभाळणारी एक सेवा, बोलणारी दुसरी. राजमतीनं बोलणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. मशीन लगेच बोलायला लागलं. म्हणजे घसा ठीक होता, बिघाड सुरुवातीलाच कुठंतरी होत होता.

त्या दुपारी तिनं डिस्ट्रोच्या संकेतस्थळावर बगची, म्हणजे प्रोग्राममधल्या दोषाची, नोंद केली. कुठली आवृत्ती, कुठली मशीनं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, तिनं काय केल्यावर आवाज आला, सगळं क्रमानं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. तो भाग सांभाळणारा मारेक नावाचा पोलंडचा माणूस होता. त्यानं लिहिलं होतं की त्याच्याकडं चार कॉम्प्युटर आहेत, चारही व्यवस्थित बोलतात, त्याला हा दोष दिसत नाही. म्हणून तो नोंद बंद करतोय.

वर्ग चालवणाऱ्या ट्रस्टचा सचिव अभिनंदन, राजमतीचा चुलत भाऊ. खालचं दुकानही त्याचंच. वयानं तिच्याहून सहा वर्षांनी लहान आणि स्वभावानं घाईचा. त्याला हे कळल्यावर तो वर आला. त्याच्या ओळखीचा एक माणूस होता, तो अर्ध्या दिवसात पाचही मशीनं पुसून जुनी आवृत्ती बसवून देणार होता. ते नको असेल तर रोज सकाळी राजमतीनं फोनवरून ती सेवा पुन्हा सुरू करावी, दोन मिनिटांचं काम, असं त्याचं म्हणणं. शिवाय समोरच्यानं दार लावून घेतल्यावर पुन्हा जाऊन वाजवण्यात काय अर्थ, असंही त्यानं विचारलं.

“दार त्यानं लावलंय, कारण त्याला दिसलं नाही,” राजमती म्हणाली. “मी त्याला दाखवणार. पंधरा दिवस दे मला.”

“आणि नाही जमलं तर, आक्का?”

“जमेल. मशीन कधी बोलतं आणि कधी नाही, याला काहीतरी कारण असणारच. ते शोधायचं, बस्स.”

तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती. मंगळवारी मलकापूरहून स्वप्नालीचा फोन आला होता. स्वप्नाली तिची जुनी विद्यार्थिनी, घरून काम करणारी. तीच नवी आवृत्ती चढवल्यावर तिचंही मशीन मुकं झालं होतं. राजमतीनं फोनवरून एकेक कळ सांगितली. आता पासवर्ड, आता एंटर, आता या दोन कळा एकदम, आता हा हुकूम टाइप कर. न ऐकता, न बघता स्वप्नालीनं सगळं टाइप केलं आणि मशीनला वाचा फुटली. पण तिच्याजवळ फोन करायला राजमती होती. ज्याला असं कुणी नव्हतं तो माणूस कुठल्यातरी गावात मुक्या मशीनपुढं बसून काय करत असेल, हे राजमतीच्या डोक्यातून जाईना.

त्याच दिवशी, बुधवारी, ती कामाला लागली. आधी मोजायचं ठरलं. आकाराममामांना तिनं सोबत घेतलं. मामांनी पहिलं मशीन सुरू करायचं, बोललं की नाही ते सांगायचं, बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं. राजमती ब्रेल पाटीवर टोचून नोंद करत होती. वीस वेळा सुरू केलं. तेरा वेळा मुकं राहिलं, सात वेळा बोललं. मग तिसरं मशीन वीस वेळा. ते वीसही वेळा बोललं.

पहिल्या दोन मशीनांत आणि बाकीच्या तिघांत काय फरक आहे, हे राजमतीला माहीत होतं. पहिल्या दोघांत जुन्या, फिरत्या हार्ड डिस्क होत्या, हळू चालणाऱ्या. पण हळू असलेलं मशीन उशिरा बोलेल, मुकं का राहील, आणि तेही कधी कधीच का, हे तिला उलगडत नव्हतं. ती तिथंच बोटांनी टेबलावर ताल धरत बसली.

मामांनी तेव्हा जे सांगितलं ते फार महत्त्वाचं ठरलं.

“बाई, त्या टकचं काय?” ते म्हणाले.

“कुठला टक?”

“स्पीकरात बारीक टक हुतंय की. ह्या तिसऱ्यात आधी टक हुतंय आणि मग ते बोलाय लागतंय. पयल्यात जवा बोलतंय तवा बी तसंच. पर जवा मुकं ऱ्हातंय न्हवं, तवा टक लई मागनं हुतंय. हार्ड डिस्क कुरकुरायची थांबत आली की मग.”

राजमती सरळ बसली. तो टक तिनंही हजार वेळा ऐकला होता आणि कधीच लक्षात घेतला नव्हता. स्पीकरला वीज मिळून आवाजाची सेवा तयार झाली की तो होतो.

“मामा, हे तुम्ही कसं धरलं?”

“टर्बाइनपाशी तीस वर्षं उभा हुतो. कुठला आवाज कुठल्या मागनं येतोय, त्येच्यावरच तर सगळं चालायचं.”

तिनं फोन घेतला आणि मशीनची अंतर्गत नोंदवही उघडली. कुठल्या सेकंदाला कुठली सेवा सुरू झाली, काय म्हणाली, हे मशीन स्वतःच तिथं लिहून ठेवतं. फोन वाचत गेला आणि तिला उत्तर मिळालं. पहिल्या मशीनमध्ये बोलणारी सेवा चोविसाव्या सेकंदाला जागी झाली, तिनं आवाज मागितला, आवाज उपलब्ध नाही असं उत्तर मिळालं आणि ती गप्प बसली. आवाजाची सेवा अठ्ठाविसाव्या सेकंदाला तयार झाली. पण तोवर बोलणारीनं मागणं सोडून दिलं होतं, ती पुन्हा विचारायला गेलीच नाही. तिसऱ्या मशीनमध्ये आवाज सहाव्या सेकंदालाच तयार होता आणि बोलणारी सातव्याला आली. नव्या आवृत्तीत दोघींनी एकाच वेळी निघायचं ठरलं होतं, कोण आधी पोचेल याची कुणी काळजी घेतली नव्हती. वेगवान मशीनवर क्रम बरोबर लागायचा. जुन्या मशीनवर लागला तर लागला.

राजमतीनं मामांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले की कारखान्यात वाफ यायच्या आधी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला त्यांनी लई शिव्या घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्या मशीनमध्ये चार ओळींची दुरुस्ती लिहिली. आवाज तयार असल्याची खूण मिळाल्याशिवाय बोलणाऱ्या सेवेनं सुरूच व्हायचं नाही. पहिलं मशीन मुद्दाम तसंच ठेवलं. पुन्हा वीस वीस वेळा बटणं दाबून झाली. पहिलं मशीन बारा वेळा मुकं राहिलं. दुसरं एकदाही नाही.

मग तिनं बंद झालेल्या नोंदीखाली नवं पत्र लिहिलं. तक्रारीचा सूर त्यात कुठंच नव्हता. तुमची चार मशीनं वेगवान असणार, तुम्ही जुन्या फिरत्या डिस्कवर चालवून पाहा, असं तिनं सुचवलं. दोन्ही मशीनांच्या नोंदवह्यांमधल्या ओळी दिल्या, वीस वेळांचे आकडे दिले, स्वतःची दुरुस्ती जोडली. आणि हा क्रम चुकतोय हे स्पीकरच्या आवाजावरून सगळ्यात आधी आकाराम पाटील यांनी ओळखलं, हेही लिहिलं.

मारेकचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. त्यानं अडगळीतून एक जुना लॅपटॉप काढला होता आणि तो तिसऱ्याच प्रयत्नात मुका झाला होता. नोंद त्यानं पुन्हा उघडली होती आणि घाईनं बंद केल्याबद्दल साध्या शब्दांत माफी मागितली होती. तिच्या चार ओळी तिच्यासारख्या मशीनवर ठीक आहेत, पण ज्यांच्याकडं वेगळी आवाजसेवा आहे त्यांचं मशीन कधीच न येणाऱ्या त्या खुणेची वाट बघत अडून बसेल, असं त्यानं दाखवलं. ते खरं होतं आणि राजमतीनं ते लगेच मान्य केलं. त्याऐवजी बोलणाऱ्या सेवेनं सरसकट पाच सेकंद थांबून सुरू व्हावं, असा त्याचा विचार होता.

अभिनंदन शेजारी बसून फोनचं वाचन ऐकत होता. पाच सेकंद पुरे झाले की, घे आणि विषय संपव, असं तो म्हणाला.

राजमतीनं नकारार्थी मान हलवली आणि स्वप्नालीला फोन लावला. तिच्या मशीनची नोंदवही पाठवायला सांगितली. मलकापूरच्या त्या मशीनमध्ये दोन सेवांमध्ये नऊ सेकंदांचं अंतर निघालं.

तिनं मारेकला लिहिलं, “पाच सेकंदांत माझी मशीनं बोलतील, माझ्या विद्यार्थिनीचं बोलणार नाही. दहा केले तर आणखी कुणाचं तरी राहील. आणि ज्यांचं मशीन आत्ता लगेच बोलतं त्यांना विनाकारण थांबावं लागेल. सेवेला थांबायला लावू नका. नकार मिळाला तर पुन्हा विचारायला लावा, आवाज मिळेपर्यंत विचारत राहायला लावा.”

दोन दिवस काहीच आलं नाही. अभिनंदननं विचारलं नाही, पण तो जिन्यानं वर यायचा आणि उगाच खुर्च्या सरकवायचा. राजमतीनं ते दोन दिवस वर्ग नेहमीसारखा घेतला. पहिल्या मशीनला रोज सकाळी फोनवरून जागं करत होती. आपण सांगितलंय ते बरोबर आहे याबद्दल तिला शंका नव्हती. ऐकलं जाईल की नाही एवढाच प्रश्न होता, आणि नाही ऐकलं तर आणखी कुणाकुणाच्या नोंदवह्या मागवायच्या याची यादी तिनं मनात करून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी मारेकनं तयार झालेली दुरुस्ती पाठवली. तिनं सांगितलं होतं तसंच. नकार मिळाला की सेवा अर्ध्या सेकंदानं पुन्हा विचारत होती. सगळ्यांना ती देण्याआधी राजमतीनं तपासावी, अशी त्यानं विनंती केली होती. मामांनी बाह्या सरसावल्या. पहिलं मशीन चाळीस वेळा सुरू केलं आणि चाळीसही वेळा ते बोललं. स्वप्नालीनं तिकडं दहा वेळा करून पाहिलं. तिचंही बोललं.

आठवड्याभरात दुरुस्ती सगळीकडं पोचली. राजमतीनं अभिनंदनकडं मागितलेले पंधरा दिवस अजून पुरे व्हायचे होते. त्या नोंदीखाली मग एकेक अनोळखी माणसं लिहायला लागली. एकानं लिहिलं होतं की मशीन बिघडलं असं समजून त्यानं ते कपाटात ठेवून दिलं होतं, आज बाहेर काढलं. राजमतीनं ते पत्र फोनकडून दोनदा वाचून घेतलं. दुरुस्तीच्या खाली, कुणी काय केलं या यादीत, मारेकनं दोन नावं घातली होती. तिनं ती मामांना ऐकवली. मामांनी आपलं नाव ऐकलं आणि घरी फोन करून सुनेला सांगितलं, नाव इंग्रजीत आलंय म्हणून.

मारेकनं आणखी एक गोष्ट सुचवली होती. पुढची प्रत्येक आवृत्ती बाहेर पडण्याआधी राजमतीच्या वर्गात तपासली जावी, कारण डिस्ट्रो सांभाळणाऱ्यांपैकी कुणाकडंच अशी मशीनं आणि असे कान नाहीत. अभिनंदननं मधल्या काळात पहिल्या दोन मशीनांच्या जुन्या डिस्क बदलायचं मनात घेतलं होतं, पण हे कळल्यावर त्यानं तो बेत सोडून दिला. राजमतीनंच त्याला तसं सांगितलं. तीन वेगवान आहेत, दोन मंदच राहू देत, म्हणजे असे दोष इथंच सापडतील, असं ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी मामा पहिल्या मशीनपाशी बराच वेळ काहीतरी टाइप करत होते आणि मधेच फुणफुणत होते. राजमतीनं काय झालं म्हणून विचारलं.

“ह्येला ळ म्हणता येत न्हाय,” मामा म्हणाले. “नव्या आवृत्तीत रंकाळ्याला रंकाला म्हणतंय. चार डाव ऐकलं.”

“मग लिहा त्यांना.”

“म्या?”

“तुम्हीच. कुठली आवृत्ती, काय लिहिलं होतं, काय ऐकू आलं. मराठीत लिहा, इंग्रजी मी करून देते.”

मामांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांचं टाइपिंग अजून संथ होतं, एका बोटाचं. मशीन त्यांच्या मागोमाग प्रत्येक अक्षर म्हणत होतं आणि ळ आला की ल म्हणत होतं. मामा दर वेळी थांबून त्याला बरोबर उच्चार सांगत होते आणि पुढचं अक्षर शोधत होते.