डाव्या हाताचा ब्रेक

रविवारी सकाळी आमच्या अंगणात जे उभं होतं, त्याला नवरा एटीव्ही म्हणत होता, सासरे 'ते वाहन' म्हणत होते आणि आमची साडेतीन वर्षांची भिंगरी बेडूक म्हणत होती. मी काहीच म्हणत नव्हते. मी त्याच्या पुढच्या चाकाखाली एक वीट सरकवली आणि मागच्या चाकाखाली दुसरी. आमच्या अंगणाला फाटकाकडे उतार आहे आणि फाटकाच्या पलीकडे रस्ता आहे.

मोटारसायकलला दोनाऐवजी चार फुगीर चाकं लावली की जे होईल ते हे. खडकावरून, चिखलातून, कुठूनही जातं असं सांगतात. हे मात्र टेम्पोतून उतरल्यापासून जागचं हललं नव्हतं.

"काहीच होत नाहीये," नवरा म्हणाला.

"काहीच म्हणजे?" सासऱ्यांनी विचारलं.

"बटण दाबलं की काहीच नाही, बाबा. टिक् पण नाही."

"दिवा लागतो?"

"लागतो."

"म्हणजे वीज आहे," असं म्हणून बाबा शेजाऱ्यांकडे बॅटरी मागायला गेले.

ती बॅटरी जोडून झाली. दिवा जास्त छान लागला. बाकी काही फरक नाही.

बाबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यामुळे घरातली कुठलीही वस्तू बंद पडली की ते एकाच दिशेने विचार करतात. "लिफ्ट चालत नाही तेव्हा कुठल्या तरी मजल्यावरचं दार नीट लागलेलं नसतं. यंत्राचा आपल्यावर भरवसा नसतो, एवढंच."

"बाबा, याला दार नाहीये."

"तेच म्हणतोय. शोधावं लागेल."

ते गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारून आले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, परत घट्ट लावलं आणि म्हणाले, "आता बघ." नवऱ्याने बघितलं. भिंगरी पायरीवर बसून टाळ्या वाजवायला तयार होती. तिचे हात तसेच हवेत राहिले.

ही जुनी गाडी नवऱ्याने हौसेपोटी घेतली नव्हती, हे मला कबूल आहे. छापखाना बंद पडल्यापासून तो घरी होता. घरातले सगळे नळ त्याने दुरुस्त केले होते आणि मग जे गळत नव्हते तेही उघडून बघितले होते. आता टेकडीवरच्या मोबाइल टॉवरना डिझेल पोचवायचं काम मिळालं होतं. अट एकच, कच्च्या वाटेने वर चढणारी गाडी स्वतःची हवी. काम सोमवारपासून होतं, आणि नाही जमलं तर दुसरा माणूस तयार आहे हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

माझी अडचण टॉवरची नव्हती. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आहे, त्यामुळे डिझेलपेक्षा पेट्रोल किती लवकर पेट घेतं ते मला ठाऊक आहे. पण त्याचीही नव्हती. माझी अडचण अशी की गाडी अजून टेम्पोत होती तेव्हाच नवरा लेकीला म्हणाला होता, "चालू झाली की पहिली चक्कर तुझी."

"तिला त्याच्यावर बसवायचं नाही," मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

"बरं."

"बरं नको म्हणूस. नाही बसवणार म्हण."

"अगं, म्हटलं ना बरं."

त्याचं 'बरं' मला माहीत आहे. मागे तिने कात्री मागितली तेव्हा मी "देऊ नकोस" म्हटलं, तो "बरं" म्हणाला, आणि थोड्या वेळाने ती कापत होती आणि हा कागद धरून बसला होता. जगाला तो 'नाही' म्हणू शकतो. तिला म्हणताना त्याचा घसा बसतो.

त्याने विकणाऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. हा विकणारा मी पाहिलेला नव्हता. फक्त त्याने हात मिळवल्यावर नवऱ्याने स्वतःची बोटं मोजून पाहिली, असं ऐकलं होतं.

"डावा ब्रेक धरलाय का, साहेब? तो धरल्याशिवाय ती चालू होत नाही."

"धरलाय."

"मग बटण दाबा."

"दाबलंय."

"मग लागायला पाहिजे."

"लागत नाहीये."

"पण लागायला पाहिजे. काल माझ्याकडे एका फटक्यात लागत होती."

संभाषण तिथेच बराच वेळ गोल फिरत राहिलं. शेवटी तो म्हणाला, "असं करा, संध्याकाळी माझा माणूस रिकामा टेम्पो घेऊन तिकडूनच येतोय. नाहीच लागली तर द्या चढवून. मी काही पळून जात नाही."

मला तो माणूस सज्जन वाटला.

बाबांचं आणि नवऱ्याचं मत पडलं की आता प्लग बदलावा. प्लगचा नंबर तळहातावर लिहून दोघे स्कूटरवरून दुकानात गेले. किल्ली गाडीलाच, फिरवलेली ठेवून. "बंदच तर आहे, कोण नेतंय," नवरा म्हणाला.

माझी मान स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आपोआप वळते, मला तिला सांगावं लागत नाही. ती वळली तेव्हा भिंगरी बेडकाच्या पाठीवर उभी होती. बसलेली नव्हती, उभी होती, दोन्ही हात पसरून.

मी अंगणात कशी पोचले ते आठवत नाही. गाडी थोडी डुलली, निदान मला तसं वाटलं. विटा होत्या, पण त्या क्षणी माझा विटांवर विश्वास नव्हता. मी एका हाताने पोरीला पोटाशी आवळलं आणि दुसऱ्या हाताने डावा ब्रेक धरला. धरला म्हणजे आवळला, तो दांडा हँडलला टेकून माझी बोटं पांढरी पडेपर्यंत. भिंगरीने शांतपणे हात लांब करून बटण दाबलं.

गाडी सुरू झाली.

किल्ली सापडेपर्यंत ती धडधडत राहिली, मग मी ती बंद केली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो.

"परत!" भिंगरी म्हणाली.

तिला घरात नेऊन दार लावलं आणि मी परत आले. प्रयोगशाळेत आम्हाला शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी नवऱ्यासारखा, दोन बोटांनी, सायकलचा धरतात तसा ब्रेक धरून बटण दाबलं. काही नाही. मुठीने धरला. काही नाही. मग डोळे मिटून मघासारखा, दांडा टेकेपर्यंत आवळला. लागली. वापरून वापरून आतला खटका झिजला असणार. दांडा पार टेकल्याशिवाय ब्रेक धरलाय हे गाडीला कळतच नव्हतं. घाबरलेल्या माणसालाच ती सुरू होणार होती, आणि आमच्या घरात ते खातं माझ्याकडे आहे.

मी बंद केली, हात धुतला आणि भाजी परतायला लागले.

जेवताना भिंगरीने जाहीर केलं, "आईने बेडूक चालू केला."

"हो का? आईने?" नवरा म्हणाला.

"धडधडधड केलं."

"तोंडाने केलं असेल," बाबा म्हणाले. "सूनबाई, आमटी झकास झालीये."

"थोडी वाढू का, बाबा?" मी विचारलं.

दुपारभर प्लग बदलणं चाललं. मग नवा काढून जुना परत बसवून बघणं. मी अधूनमधून चहा दिला. मी कुणाशी खोटं बोलले नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं, आणि माझ्याशिवाय ज्या एकटीला माहीत होतं तिच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. संध्याकाळी हे धूड जाईल, मला झोप लागेल, काम काय दुसरं मिळेल, असं मी मनात घोळवत होते. दुसरं काम मिळत नव्हतं हे सोडलं तर त्यात काही खोट नव्हती.

टेम्पो आला. त्याच्या ड्रायव्हरने फळी लावली आणि विडी पेटवून बाजूला उभा राहिला. नवरा ओलं फडकं घेऊन गाडी पुसत होता. परत द्यायची गाडी. त्याने चाकांच्या खाचांमधली माती काडीने काढली, आरसा पुसला. मग फडकं खांद्यावर टाकून तो भिंतीकडे वळला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, उद्याचं जरा अडचणीचं आहे." थांबला. "साहेब, एक छोटासा प्रॉब्लेम झालाय." फोन अजून खिशातच होता. तो तालीम करत होता.

मी मागे उभी आहे हे त्याला दिसलं. "तू म्हणत होतीस तेच खरं," तो म्हणाला. "नकोच होती घ्यायला."

तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

"थांब," मी म्हटलं. गाडीवर बसले, ब्रेक आवळला, बटण दाबलं.

ड्रायव्हरच्या तोंडातून विडी पडली. बाबा चष्मा शोधायला आत पळाले, आवाज ऐकायला चष्मा कशाला लागतो ते त्यांनाच ठाऊक. नवरा माझ्याकडे बघत राहिला.

"काय केलंस?"

मी गाडी बंद केली, उतरले आणि त्याला बसवलं. "हा दांडा घट्ट धर."

"धरला."

"हे घट्ट नाही. आणखी."

"अगं, तुटेल."

"भिंगरी मागे बसलीये असं समज. उतार आहे, विटा काढल्यात, आणि ती उभी राहिलीये. हात सोडून."

त्याने मान वळवून रिकाम्या सीटकडे बघितलं. मग फाटकाकडे, मग रस्त्याकडे. त्याच्या बोटांची पेरं पांढरी होताना मला दिसली. बटण दाबल्याबरोबर गाडी लागली. त्याने ती लगेच बंद केली, पण हात मात्र दांड्यावरच राहिला.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"जेवणाच्या आधीपासून."

ड्रायव्हरने विचारलं, "चढवायची का नाही, साहेब?" नवऱ्याने नकार दिला. ड्रायव्हर फळी ओढून निघून गेला.

तेवढ्यात भिंगरी पायऱ्या उतरून आली, चपला उलट्या घातलेल्या. "लागली! बाबा, पहिली चक्कर माझी!" तिने नवऱ्यापुढे दोन्ही हात वर केले.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही. त्याने घसा खाकरला.

"नाही," तो म्हणाला.

भिंगरीला ऐकू आलं नसावं. तिने हात तसेच वर ठेवले.

"नाही बसवणार, राणी. मोठी झालीस की."

तिने मोठा श्वास आत ओढला, आणि मग जी सुरू झाली ती रात्रीच्या जेवणापर्यंत थांबली नाही. नवरा तिला कडेवर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता आणि प्रत्येक फेरीला तिला तेच परत सांगत होता, आवाज बसेपर्यंत. मी आत जाऊन उद्याच्या डब्याची कणीक मळली.